आक्काचं प्रस्थान आणि माझे पॉइंट

बीडला विमानतळ नाही. तरीही मी एका विमान कंपनीचा चांदीचा सभासद आहे. ही दोन वाक्यं मी कुठल्याही पंगतीत एकापाठोपाठ एक टाकतो आणि निवांत जिलेबीकडे वळतो. पुढचे प्रश्न समोरून आपोआप येतात.

झालं असं, की बसस्टँडच्या मागे माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. ज्या कंपनीच्या मोटारी मी विकतो ती कंपनी आम्हा विक्रेत्यांना अधूनमधून विमानात घालून कुठेतरी फिरवून आणते. अशाच एका फेरीत विमानतळावर टेबल मांडून बसलेली एक मुलगी मला म्हणाली, "सर, आमचे सभासद व्हा ना, फ्री आहे." फुकट हा शब्द कानावर पडल्यावर पुढे चालत राहणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. मी थांबलो. सभासद झालो. तिने वर एक बँकेचं कार्डही गळ्यात बांधलं. या कार्डाने काहीही घ्या, साबण घ्या, सायकल घ्या, विमानाचे पॉइंट जमा.

तेव्हापासून नातेवाइकांत माझं महत्त्व फार वाढलं. आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे सगळे कपडे घ्यायला, दोन्हीकडची मंडळी जीप भरून दुकानात जातात. पूर्वी मी असल्या खरेदीला हजार बहाणे करायचो. आता बोलावणं नसलं तरी हजर! शालू पसंत होईपर्यंत मी गादीवर लोडाला टेकून सरबत पीत बसे आणि बिल निघालं की नाटकातल्या राजासारखा उठून म्हणे, "थांबा! रोख माझ्याकडे द्या, कार्ड मी घासतो." लांब बसलेल्यांना रोखीचं वाक्य ऐकू जात नसे. त्यांना फक्त मी कार्ड घासताना दिसे. अशा रीतीने मी तीन तालुक्यांत दानशूर म्हणून प्रसिद्ध झालो.

बायको म्हणायची, "लोक आहेर करून नाव कमावतात. तुम्ही नुसतं घासून."

कंपनी मात्र मोठी लहरी. सुरुवातीला तिचा एक तक्ता होता. इथून तिथे जायला इतके पॉइंट, तिथून इथे यायला तितके. मी तो छापून दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावला. रोज उदबत्ती दोघांनाही. एका सकाळी निरोप आला की तक्ता रद्द, यापुढे पॉइंट मागणीप्रमाणे लागतील. म्हणजे मोंढ्यातल्या कापसासारखा रोजचा भाव. मोंढ्यात निदान आडत्या समोर बसलेला असतो, त्याला चार शब्द सुनावता येतात. इथे कुणाला सुनावणार? वर दिवसभर मोबाइल वाजे. आज दुप्पट पॉइंट! फक्त आज! उद्या पुन्हा फक्त आज! मी सगळं भक्तिभावाने वाचत असे. पॉइंट जमत होते, भाव चढत होता, आणि इतकी वर्षं मी त्यावर कुठेही गेलो नव्हतो. पंगतीत सांगायला तेवढं पुरेसं होतं.

मग भाचीचं बाळंतपण आलं.

माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, चकलांब्याला असते. शेती, दोन म्हशी आणि दाजी, या क्रमाने ती सगळं सांभाळते. तिची एकुलती एक मुलगी बेंगळूरला नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडे रीत. आक्काने त्यासाठी खोली सारवून घेतली होती, शेगडी काढून ठेवली होती, बाजेला नवी सुतळी ओढली होती. एके दिवशी मी तिच्या ओसरीवर चहा पीत असताना भाचीचा फोन आला.

"आई, डॉक्टरनं प्रवासाला सक्त नाही म्हटलंय. इथंच व्हावं लागेल."

 आक्काने बाजेची नवी सुतळी बोटाने ओढून पाहिली. मग म्हणाली, "ठीक हाय. तुला म्हायेरी येता येत न्हाई, तर म्हायेर तिकडं येतंय."

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "आरं, तिकडं जायला गाडी कशी हाय?"

मी सांगितलं. इथून सोलापूर, तिथून रेल्वे, रात्रभराचा प्रवास. आक्काची कंबर गेवराईपर्यंतच्या एसटीतही बोलते. ती गप्प झाली. दाजी गप्प झाले. म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या, असं मला आजही वाटतं. असा क्षण माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात वारंवार येत नाही. मी कप खाली ठेवला, उभा राहिलो, हात वर केला.

"आक्का विमानानं जाईल! माझ्या पॉइंटवर!"

दाजी म्हणाले, "पॉइंटवर बसत्यात कसं?"

आक्काने त्यांना हाताने गप्प केलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाकीचं मला सांगू नको. लेकरू यायच्या आदी मी पोरीपाशी पोचीन का? तेवढं सांग."

"पोचशील."

"बग हां. ती एकलीच हाय तितं. सासूबी गुडघे धरून बसलीय गावाकडं."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला आणि घरी येऊन मोबाइल उघडला. माझ्या पॉइंटमध्ये बसेल अशी एकही जागा नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या अलीकडचे सगळे दिवस चाळले. प्रत्येक दिवशी भाव माझ्या ऐपतीच्या वर.

"सरळ पैसे देऊन तिकीट काढा की," बायको म्हणाली.

"अगं, सगळ्या ओसरीसमोर पॉइंटवर म्हणालोय मी!"

"ओसरीवर दोन म्हशी होत्या."

मी हट्टाने चाळत राहिलो आणि अचानक एक दिवस सापडला. संभाजीनगरहून थेट बेंगळूर, दुपारचं विमान, आणि पॉइंट इतके कमी की मला कंपनीची चूक वाटली. मी आनंदाने ओरडलो. बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तो दिवस पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "अमावस्या आहे."

त्या क्षणी मला जो शोध लागला त्यावर मी अजून ठाम आहे. विमान कंपनीच्या संगणकाला पंचांग कळत नाही, पण विमानात बसणाऱ्यांना कळतं. अमावस्येला आमच्याकडचा माणूस नवी चप्पलसुद्धा पायात घालत नाही, तो विमानात कशाला बसेल? म्हणून जागा रिकाम्या, म्हणून भाव पडलेला. मी हा सिद्धांत शेजारच्या गॅरेजवाल्या भाईला ऐकवला. हा माझा जुना दोस्त. याच्या जीपमधूनच आम्ही विमानतळावर जाणार होतो. तो गाडीखाली झोपल्या झोपल्या म्हणाला, "मग दर आवसंला उड बे. चांदीचा हायस, सोन्याचा होशील."

आक्काला फोन केला. फोनमध्ये बराच वेळ नुसता म्हशीचा आवाज आला.

"आवसंला? भरल्या घरातून, बाळंतिणीकडं, आवसंला निघू? तुझं डोकं ठिकाणावर हाय का?"

"आक्का, दुसरी जागाच नाही गं."

"मग पोचीन म्हणून कावून सांगितलंस?"

तिचं 'कावून', म्हणजे 'का म्हणून', ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. फोन बायकोने हातातून घेतला आणि एकच वाक्य बोलली, "आक्का, आधी चांगला दिवस बघून प्रस्थान ठेवलं तर?"

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या दिवशी जायचं तो दिवस चांगला नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवासाला जाणाऱ्याची एखादी वस्तू, थोडे तांदूळ, सुपारी, कापडात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे तुम्ही चांगल्या दिवशी निघालात असं धरलं जातं. मग कुठल्याही दिवशी खुशाल जा. जाता जाता ती वस्तू आपल्या हाताने उचलायची. एक मात्र पक्कं. एकदा ठेवलेलं प्रस्थान मागे आणायचं नाही. आक्का त्याला पस्तान म्हणते आणि या विषयात आख्खं चकलांबा तिचा सल्ला घेतं.

फोनमध्ये म्हशीचा आवाज थांबला. "हां," आक्का म्हणाली. "हे चालंल. गुरवार चांगला हाय."

मी उत्साहाने विमान कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकीट काढण्याआधी मला फक्त दोन दिवस हवे होते, आक्काचा विचार पुन्हा बदलला तर म्हणून. तिकडे फार गोड आवाजाची बाई होती.

"सर, आपण थोडी रक्कम भरून तिकिटाचा दर रोखून ठेवू शकता. प्रवास नंतर निश्चित करू शकता."

"म्हणजे प्रस्थान!"

"सॉरी सर?"

"तुमच्यातही प्रस्थान ठेवतात म्हणायचं. फक्त आम्ही सुपारी ठेवतो."

"सर, आपण सुपारी कुठे ठेवली आहे?"

"अजून ठेवली नाही. गुरुवारी ठेवणार."

ती बराच वेळ काहीतरी टाइप करत होती. मग म्हणाली, "सर, ही सुविधा पॉइंटच्या तिकिटांसाठी सोमवारपासून बंद झाली आहे. नियम बदलला आहे."

मी मुकाट्याने तिकीट काढलं. पॉइंट गेले. आयुष्यभराच्या बस्त्यांचं पुण्य एका बोटाच्या टोकाने उडालं.

आता प्रश्न आला दिशेचा. नकाशा लक्षात घ्या. बेंगळूर आमच्या दक्षिणेला. पण विमान पकडायचं संभाजीनगरला, ते उत्तरेला. जीप जाणार उत्तरेला, विमान जाणार दक्षिणेला. प्रस्थान कुठे ठेवायचं? यावर आमच्या बैठकीत भरपूर चर्चा झाली. मी म्हणालो, पाय पहिला ज्या दिशेला पडेल ती दिशा. बायको म्हणाली, शेवटी जिथे पोचायचं ती दिशा. भाई म्हणाला, विमान वर जातंय तर गच्चीवर ठेवा.

आक्काने सगळ्यांना एका वाक्यात गार केलं. "मला बेंगळूरला जायाचंय का संभाजीनगरला?"

संपला विषय. दक्षिणेला, हमरस्त्यावर, चौसाळ्याला माझ्या साडूचं किराणा दुकान आहे. गुरुवारी आक्का चकलांब्याहून बीडला आली, मी तिला घेऊन चौसाळ्याला गेलो. दुकानामागच्या घरात तिने इकडे तिकडे न बघता एक बांधलेली कापडी पिशवी साडूच्या देवघरासमोर पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, चहा प्यायली आणि मागे न पाहता बाहेर आली. पिशवी जरा फुगलेली होती. सुपारी आणि तांदळाने पिशवी इतकी फुगत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण बहिणीच्या गाठोड्यात डोकवायचं नसतं.

ठरलं असं. आदल्या दिवशी आक्का सामानासकट बीडला मुक्कामाला येईल. अमावस्येला पहाटेच निघून आधी दक्षिणेला चौसाळ्याला जायचं, प्रस्थान उचलायचं, जीप वळवायची, बीडवरून, गेवराईवरून, म्हणजे आक्काच्या गावच्या फाट्यावरून, उत्तरेला संभाजीनगर गाठायचं आणि तिथून विमानाने पुन्हा दक्षिणेला जायचं. हे विमान आक्काला घेऊन बहुधा चौसाळ्याच्या डोक्यावरूनच जाणार होतं. भाईने हिशेब ऐकून कपाळाला ग्रीस लावून घेतलं.

आक्का आदल्या सकाळीच आली. डिंकाच्या लाडवांचा पत्र्याचा डबा, आळीव, बाळंतशेपा, ओवा, स्वतः शिवलेली गोधडी. माझं घर बाळंतिणीच्या खोलीसारखं दरवळायला लागलं. मी चहा घेत सवयीने मोबाइल उघडला आणि विमान कंपनीचे निरोप वाचायला बसलो. आज दुप्पट पॉइंट! हॉटेलवर तिप्पट! आणि या दोन उद्गारचिन्हांच्या मध्ये, मान खाली घालून, एक साधा निरोप बसलेला. आदल्या रात्रीच आलेला. काही कारणास्तव आपलं ठरल्या तारखेचं विमान रद्द. आपल्याला एक दिवस आधीच्या विमानात जागा दिली आहे.

आज. दुपारी.

मी मोबाइल बायकोकडे दिला. तिने वाचला. आक्काने आमची तोंडं वाचली.

"काय झालं?"

"आक्का, ऊठ. आज जायचंय. आत्ता."

"आज? मग आवस टळली की!" आक्काचा चेहरा एकदम उजळला. मग विझला. "पस्तान?"

"राहू दे ना आता प्रस्थान! आज अमावस्या नाही, त्याची गरजच नाही. चौसाळ्याला जाऊन यायला वेळ नाही, विमान चुकेल."

"मागं ठेवून कसं जाता येईल?"

"का? सुपारीच आहे ना?"

आक्काने पदर नीट केला. "सुपारी हाय. तांदूळ हायत. आन् माझं आधार कार्ड हाय."



"आधार कार्ड कावून ठेवलंस?" मी तिच्याच भाषेत किंचाळलो.

"आरं, पस्तानात आपलं काहीतरी ठेवायचं असतंय. अंगावरचं, हातातलं. म्हंजे आपणच निघालो असं व्हतं. आता माझा फोटू, माझं नाव, माझ्या बोटाचे ठसे, सगळं त्या कार्डात हाय म्हणत्यात. त्याच्यापरीस जास्त मी अजून कशात हाय?"

या बोलण्यातली चूक मला अजून सापडलेली नाही.

बायकोने विचारलं, "मतदानाचं कार्ड?"

"चकलांब्याला कपाटात."

"दाजींना सांगू या घेऊन यायला."

"ते लग्नाला गेलेत नगरला. आन् कपाटाची किल्ली," आक्काचा आवाज बारीक झाला, "पस्तानात हाय."

मी साडूला फोन लावला. "साडूभाऊ, दुकान सोडा, ती पिशवी घ्या, मोटारसायकलला किक मारा आणि संभाजीनगरच्या रस्त्याने या. आम्ही पुढे निघतोय. गाठा आम्हाला."

"गिऱ्हाईक उभं हाय हो."

"साडूभाऊ!"

"आलो, आलो. निघालोच समजा."

आक्काने माझा हात धरला. "तसं न्हाई चालत. पस्तान मागं आणायचं नसतंय. चौसाळ्यावरून बीडकडं म्हंजे मागंच आलं की."

जीपमध्ये सामान चढत होतं. भाईने इंजिन चालू ठेवलं होतं. तेवढ्यात आक्काचाच फोन वाजला. जावई होता. भाचीला सकाळपासून कळा येतायत की नाही ते समजत नाही, दवाखान्यात घेऊन चाललोय, आई कधी निघताय? आक्का म्हणाली, "निघालेच." फोन पदरात बांधला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गेवराई येईपर्यंत ती समोरच्या रस्त्यावर नजर लावून होती. मी मागच्या सीटवर बायकोशेजारी बसून तिच्या मानेकडे बघत होतो. तिकडे विमान कंपनी सोमवारी एक नियम करते, गुरुवारी मोडते, पुन्हा त्याबद्दल अभिनंदनाचा निरोप पाठवते. इकडे माझ्या आक्काने जन्मात एक नियम बदललेला नव्हता. भाई आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मध्येच साडूचा फोन. "बीड ओलांडलं. हेल्मेट न्हाई घातलेलं, पोलीस दिसला तर तुमचं नाव सांगू का?"

गेवराईच्या पुढे, तिच्या स्वतःच्या गावच्या फाट्याची पाटी मागे पडली आणि आक्का एकदम बोलली.

"भाई, गाडी हळू घ्या जरा."

"आक्का, टाइम न्हाई आपल्याकडं."

"घ्या म्हणते ना. आरं, साडूला फोन लाव."

मी लावला.

"त्याला सांग, आमच्या गाडीला गाठायचं. पण थांबायचं न्हाई. आमच्या पुढं निघून जायचं. पुढं जाऊन, रस्त्याच्या कडंला, चांगली जागा बगून, पिशवी खाली ठेवायची. आन् तोंड वळवून उभं ऱ्हायचं. मी चालत जाईन आन् उचलीन. म्हंजे माझं पस्तान माझ्या पुढंच हाय, माझ्या वाटंवर हाय. मागं कुणी आणलं? कुणीच न्हाई."

 भाई स्टेअरिंगवर हात आपटून म्हणाला, "वा आक्का! कंपनीवाल्यांना क्लास लावा तुमचा."

"चेष्टा नको करूस. अडचणीत पस्तान पुढं ढकलता येतंय."

"हा नियम जुना आहे का गं?" मी विचारलं.

"आता हाय," आक्का म्हणाली.

थोड्या वेळाने मागून हॉर्न वाजला. माझा साडू, शर्टाची बटणं वाऱ्यावर, हँडलला कापडी पिशवी, आमच्या जीपला ओलांडून सुसाट पुढे गेला. जाताना त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका तो नियमात शिरला होता. पुढे एका रसवंतीच्या बंद टपरीपाशी त्याने गाडी लावली, पिशवी कुठे ठेवावी म्हणून इकडे तिकडे पाहिलं आणि शेवटी कंपाउंडच्या एका दगडावर आपला रुमाल अंथरून ती ठेवली. मग पाठ करून, हात जोडून, उसाच्या रानाकडे बघत उभा राहिला. एका ट्रकवाल्याने वेग कमी करून विचारलं, "काय देवस्थान हाय का इतं?" साडू वळला नाही. नुसतं "हां" म्हणाला. ट्रकवाल्याने स्टेअरिंग सोडून नमस्कार केला आणि गेला.

आक्का उतरली. चपला जीपमध्ये काढून ठेवल्या, तापल्या डांबरावरून चालत गेली, पिशवीला हात लावून कपाळाला लावला, पिशवी उचलली, छातीशी धरली आणि मागे न बघता सरळ पुढेच चालत राहिली. भाईला जीप तिच्यापुढे नेऊन उभी करावी लागली, म्हणजे ती पुढेच जाऊन बसू शकेल. साडूने आता कुठे वळून विचारलं, "आक्का, आता गिऱ्हाइकाकडं जाऊ का?"

विमानतळावर आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. दारावरच्या जवानाने आक्काच्या हातातलं कार्ड घेतलं. गुरुवारी पिशवीत बांधण्याआधी तिने त्याची साग्रसंगीत पूजा केलेली. फोटोवर कपाळाच्या जागी, हनुवटीच्या जागी, सगळीकडे कुंकू. जवान कार्ड तिरकं करून बघू लागला. चेहरा सापडेना. मग त्याने आक्काकडे पाहिलं. कपाळावर तसंच, तेवढंच कुंकू. "ठीक है, माताजी," तो म्हणाला. "मोबाइल में होता तो वो भी चलता."

मी डोळे मिटले.

"मोबाइलचं पस्तान ठेवता येत न्हाई बाबा," आक्का त्याला म्हणाली आणि आत गेली.

मला आत सोडणार नव्हते, पण काउंटर काचेतून दिसत होतं आणि शेजारच्या खिडकीतून मला बोलता येत होतं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की पॉइंटच्या तिकिटावर आता मोठं सामान जात नाही, हातातली फक्त एक पिशवी.

"नियम बदलला?" मी खिडकीतून विचारलं.

"हो सर, एक तारखेपासून."

"मी चांदीचा सभासद आहे!"

"सर, पण तुम्ही प्रवास करत नाही आहात."

आक्काने लाडवांचा डबा वजनाच्या काट्यावर ठेवला, गोधडी खांद्यावर शालीसारखी घेतली आणि प्रस्थानाची पिशवी हातात धरली. "डब्याचं काय असंल ते घ्या. ही पिशवी मात्र सामान न्हाई."

"मग काय आहे, मावशी?"

"ही मीच हाय. गुरवारी निघालते. आज मागून मी चालले."

त्या मुलीने पिशवीकडे पाहिलं, पिशवीच्या गाठीवरच्या हळदीकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसली. "प्रस्थान आहे का? आमची आजी ठेवते. न्या, मावशी." डब्याचे पैसे मी खिडकीतून कार्ड देऊन भरले. त्या दिवशी खर्चावर दुप्पट पॉइंट होते, ही गोष्ट मी तेवढ्या गडबडीतही विसरलो नाही, आणि बायकोने ते ओळखून तिथल्या तिथे माझ्याकडे असं पाहिलं की मी पावती खिशात लपवली.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. आई विमानतळावरून सरळ दवाखान्यात आल्यात. भाचीच्या उशाशी बसल्यात. परिचारिकेला लाडू दिलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा झाला. अमावस्येला. मूळ तिकिटाच्या दिवशी, विमान सुटायच्या कितीतरी आधी. कंपनीने ते विमान रद्द केलं नसतं, तर आक्का त्या वेळी चौसाळ्याला पिशवी उचलत उभी असती. विमान कंपनीच्या लहरीपणाचा मला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा इतका प्रेमाचा पुळका आला, की मी त्यांना पाचातले पाच तारे दिले.

मात्र गुडघे धरून बसलेल्या विहीणबाईंनी गावाहून फोनवर चुकचुक केली, लेकरू नेमकं आवसंला जन्मलं म्हणून. हे मला आक्कानेच सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, आवसंला कोण जन्मलंय? गुरवारीच निघालंय ते."

"कसं काय?"

"आरं, पस्तानात काय निस्तं माझं कार्ड हुतं व्हय? त्याचं झबलं हुतं. टोपडं हुतं. पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलेलं. लेकरू चांगल्या दिवशी घरून निघालं, वाटंत दोन दिवस लागले, आवसंला पोचलं. पोचायला दिवस बगायचा नसतोय."

मागून बाळाचा आवाज आला. पिशवी इतकी का फुगली होती, ते मला आत्ता कळलं. मी फोन दुसऱ्या कानाला लावून तो आवाज पुन्हा ऐकला. 

मग मी विचारलं, "आक्का, परतीचं कधी बघू? पॉइंट थोडेच उरलेत आता."

"सव्वा म्हैना झाल्याबिगर मी हलत न्हाई," ती म्हणाली. "त्याच्याफुडची पयली आवस बग. तुझा तो शिद्धांत हाय ना, जागा मोकळ्या असत्यात म्हणून? पस्तान मी समोरच्या फ्लॅटात ठेवते. बाई चांगली हाय, आत्ताच विचारून ठेवलंय."